हातचा

पाच वाजता मी शाळेची भट्टी पेटवते.
आधी वाळक्या शेणी, मग कोळसा,
आणि कोळसा ओला निघाला तर दोन शिव्या.
बाहेर उणे सव्वीस.
आठला पोरं येतात.
तोवर बाकांच्या लोखंडाने बोटं चिकटवून घ्यायला नकोत,
एवढंच माझं काम.

काल जिल्ह्याचे तालायबेक आले होते,
बुटांचा बर्फ न झटकता सरळ आत.
त्यांच्या कागदावर चौकोन होते.
फळा : आहे.
नकाशा : आहे, मोडलेल्या देशाचा.
मुलं एकोणीस, इयत्ता चार, खोली एक, बाई एक.
खोलीचं तापमान?
थर्मामीटर परवाच्या परवा वर्षी फुटला.
मी म्हटलं, साहेब, पोरं कोट काढून बसतात, तेवढं आहे.
हे लिहायला त्यांच्याकडे चौकोन नव्हता.

ते मागच्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीशी.
कुंदुझबाई तिसरीचं गणित घालत होत्या,
पुस्तकात होतं तसंच :
बत्तीस मेंढ्या. लांडग्याने सात

बाई नदीपलीकडून येतात.
आमच्या आळीत रात्री काय झालं
त्यांना कोण सांगणार?
मी कोळशाची बादली जरा जोरात आपटली.
त्यांनी वळून पाहिलं. मी एर्मेककडे पाहिलं.
अकरा वर्षं एका खोलीत काढल्यावर
एवढं पुरतं.

बाहीनेच पुसला त्यांनी लांडगा.
लिहिलं : सात मेंढ्या उशिरा परतल्या.

एर्मेक उभा राहिला.
"नाही बाई. लांडग्यानेच नेल्या. आमच्याच.
आणि सात नाही, नऊ.
आणि बत्तीस नव्हत्याच, एकतीस होत्या."
मग म्हणाला, "मी करू?"

खडू त्याच्या हातात मोठा दिसत होता.
एकतीस. खाली नऊ. खाली रेघ,
रेघ त्याने दोनदा ओढली.
एकातून नऊ जात नाहीत.
तो तिथेच थांबला. आम्ही सगळेच थांबलो.
भट्टीत एक खडा तडकला.

पहिलीतली मीरिम, जिला अजून वीसच्या पुढे येत नाही,
बाकावरून म्हणाली,
"आमच्यातली एक घे."

हसली पोरं. एर्मेकही, अर्धा.
बाई हसल्या नाहीत.
"बरोबर आहे मीरिमचं," त्या म्हणाल्या,
"अडलं की शेजाऱ्याकडून घ्यायचं."
त्याने तिनावर काट मारली, दोन केले,
एकाच्या डोक्याशी बारीकसा हातचा ठेवला.
बावीस.

"आणि कुत्रा," तो म्हणाला.

आता कुत्रा वजाबाकीत कुठे मांडायचा?
बाईंनी त्याचं नाव विचारलं
आणि उजव्या कोपऱ्यात, उत्तरापासून लांब,
सुवाच्य अक्षरात लिहिलं : अक्तोश.
मग म्हणाल्या, चौथी, भूगोल काढा.

तालायबेक जाताना कागद टेबलावर ठेवून
सहीसाठी पेन शोधत होते, तेवढ्यात मी वाचलं :
फळ्यावरचे उदाहरण मधेच बदलले.
पूर्वतयारी कमी.
खाली कुंदुझबाईंची सही. त्यांनी वाद घातला नाही.
चहा मात्र दिला त्यांना, आणि जाताना,
बर्फ झटकायचा असतो, हेही सांगितलं,
दुसरीला सांगतात त्याच आवाजात.

संध्याकाळी फळा मी पुसते.
काल पुसला, उजवा कोपरा सोडून.
बाईंनी सांगितलं नव्हतं.

एर्मेकचे मोजे ओढ्यात भिजले होते,
बाईंचे लोकरी घालून तो घरी गेला,
टाचा पोटरीवर आलेल्या.
त्याचे इथेच रात्रभर भट्टीशी वाळले.
आता घडी घालतेय तर उजव्याचा अंगठा करपलाय.
ही चूक माझी.
त्याच्या आईकडून बोलणी खावी लागणार.

कोळसा आज कोरडा आहे.
बाहेर बर्फ करकरतोय, कुणीतरी येतंय.
सातही वाजले नाहीत अजून.
पावलं लहान आहेत.